शेरीफ निवडून येतो, पुढे काय?

पोलीसप्रमुख लोकांनीच निवडला तर तो लोकांना जबाबदार राहील, असं बदल्यांच्या राजकारणाला विटलेले आपल्याकडचे अनेक जण म्हणतात. त्यांनी लॉस एंजेलिस काउंटीकडे पाहावं. तिथला शेरीफ मतदानातून येतो. पण त्याच्या हाताखालच्या डेप्युटीची नोकरी सहसा तुरुंगात सुरू होते, आणि मतदार तिथे डोकावत नाही. गस्तीवर जाईपर्यंत कसेबसे काढायचे दिवस, एवढीच त्या कामाची किंमत. तुरुंगातल्या मारहाणीची चौकशी करणाऱ्या नागरिक आयोगाने २०१२ साली तुरुंगसेवेसाठी बढतीची स्वतंत्र वाट सुचवली, ती उगाच नव्हे.

ली बाका चार वेळा निवडून आले, २०१४ पर्यंत शेरीफ राहिले. याच तुरुंगांबाबतच्या एफबीआयच्या तपासात अडथळा आणल्याबद्दल पुढे त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे उपप्रमुख पॉल तनाका यांना पाच वर्षांची. या दोघांना जाब विचारला तो फेडरल कोर्टाने, मतपेटीने नव्हे. गंभीर कारणासाठी शेरीफला हटवण्याचा अधिकार काउंटीच्या पाच जणांच्या मंडळाला २०२२ मध्ये मिळाला, तोही चौघांचं एकमत झालं तरच.

निवडणूक वाईट नाही. पण तेवढ्याने भागतं असं मानणं हा शुद्ध आळस आहे. नव्या शिपायाला पहिली नेमणूक कुठे मिळते, त्याला बढती कोण आणि कशासाठी देतं, साहेबाविरुद्ध बोलणाऱ्याचं पुढे काय होतं, हे आधी विचारा. मग खुशाल मत द्या.