जव्हारवरचं आभाळ रिकामं नाही

पावसाळ्यात शनिवार उजाडला की मुंबई-ठाण्याच्या गाड्या घाट चढून जव्हारला येतात. दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, जयविलास राजवाडा, मग मोखाड्याच्या वाटेवरचे ओढे. हल्ली त्यातल्या पुष्कळ गाड्यांत ड्रोनची पेटी असते. लग्नसराईत तर जव्हारची, मोखाड्याची, खोडाळ्याची आपलीच पोरं मांडवावर ड्रोन फिरवतात. या सगळ्यांपुढे तात्पुरत्या उड्डाणबंदीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, इथं विमानतळ कुठंय? बंदी मुंबईला. आपल्याकडं आभाळ मोकळं आहे.’

हे उत्तर चुकीचं आहे आणि त्याची किंमत एखाद्या दिवशी इथल्याच माणसाला मोजावी लागेल, असं माझं म्हणणं आहे. पण हा वाद एकतर्फी नाही. ‘ड्रोन म्हणजे कटकट, जिल्हाभर महिना-दोन महिने बंद ठेवा’ असं म्हणणारे सरकारी कार्यालयात बसलेले असतात. त्यांचं म्हणणंही मला तितक्याच जोराने खोडून काढायचं आहे.

आधी ड्रोनवाल्यांचं घेऊ. विमानतळ लांब आहे, हे खरं. केंद्राने 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोन नियम काढले आणि महिन्याभरात, 24 सप्टेंबरला, डिजिटल स्काय या व्यासपीठावर देशाचा हवाई नकाशा टाकला. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे, लाल-पिवळा रंग नसेल तिथे, 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. लोक हा नकाशा एकदा पाहतात. आपला भाग हिरवा दिसला की तो कायमचाच हिरवा, अशी समजूत करून घेतात आणि पुन्हा त्याचं तोंड पाहत नाहीत. घोळ होतो तो इथेच. तेच नियम सांगतात की हा नकाशा बदलता आहे आणि प्रत्येक उड्डाणाआधी तो तपासणं चालकावर बंधनकारक आहे. राज्य सरकार किंवा पोलीस यंत्रणा तातडीच्या कारणासाठी एखाद्या भागावर तात्पुरता रेड झोन टाकू शकते. आदेश काढणाऱ्याचा हुद्दा पोलीस अधीक्षकापेक्षा खालचा चालत नाही आणि मुदत एका वेळी 96 तासांपेक्षा जास्त असत नाही. म्हणजे बुधवारी हिरवी असलेली जागा शनिवारी लाल झालेली असू शकते, आणि मंगळवारी पुन्हा हिरवी. विमानतळाचं अंतर मोजून हे कळत नाही.

आता ‘आभाळ मोकळं’ या शब्दांकडे येऊ. 4 ऑगस्ट 2019 रोजी शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावात पुराचं पाणी शिरलं आणि लोक छपरांवर अडकले. हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरने 58 जणांना वर उचलून घेतलं. तिथेही विमानतळ नव्हता. पुरात हेलिकॉप्टर धावपट्टी शोधत येत नाही. माणूस जिथे अडकला असेल तिथे, ड्रोनच्याच उंचीवर, उतरत येतं. वैतरणेच्या, पिंजाळच्या खोऱ्यात असा प्रसंग आला तर सुटका करणाऱ्या पायलटला दरीतल्या धुक्यातून एक-दोन किलोचं पांढरं यंत्र दिसणार नाही. ‘पुराचा व्हिडिओ काढतोय, लोकांना माहिती मिळेल’ ही भावना मी समजू शकतो. पण त्या घटकेला ज्याच्या डोक्यावर हेलिकॉप्टर यायला हवंय, त्याच्या आणि हेलिकॉप्टरच्या मध्ये उभं राहण्याचा अधिकार कोणत्याही कॅमेऱ्याला नाही. हेलिकॉप्टरचा आवाज कानावर आला की बंदीचा कागद निघालाय का, हे पाहत बसायचं नाही; ड्रोन लगेच खाली घ्यायचं.

‘पण माझं 250 ग्रॅमच्या आतलं आहे’ हा यावरचा आवडता बचाव. नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच त्यात खरं आहे. रेड झोन नॅनोलाही लागू आहे. (जाता जाता: दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला प्रमाणपत्राची सूट आहे ती बिगरव्यावसायिक वापरासाठी. पैसे घेऊन लग्न शूट करणारा त्या सुटीत बसत नाही.) वजनाच्या या समजुतीचं काय होतं ते जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत दिसलं. लॉस एंजेलिसच्या वणव्यावर तात्पुरती उड्डाणबंदी होती. एका माणसाने पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून छोटं, 250 ग्रॅमच्या आतलं ड्रोन सोडलं, ते अडीच किलोमीटरपर्यंत नेलं आणि मग ते नजरेआड गेलं. ते कॅनडातल्या क्यूबेकहून मदतीला आलेल्या, पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळलं. पंखाला भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन आगीच्या दिवसांत दुरुस्तीसाठी जमिनीवर बसलं. त्या माणसाने गुन्हा कबूल केला आणि 65 हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यायचं मान्य केलं. आग लागलेल्या घरांतल्या माणसांना त्या ग्रॅमांच्या हिशोबाचा काय उपयोग होता?

तिसरा बचाव उंचीचा: ‘मी शंभर फुटांच्या वर जातच नाही.’ इथे जव्हारची जमीनच आपल्याला फसवते, म्हणून जरा थांबून सांगतो. हातातला रिमोट दाखवतो ती उंची टेकऑफच्या जागेपासूनची असते. नियमातली 400 फुटांची मर्यादा मात्र ड्रोनच्या खाली जी जमीन असेल तिच्यापासून मोजायची. हनुमान पॉइंटच्या कड्यावरून ड्रोन सोडलं, शंभर फूट वर नेलं आणि दरीवर सरकवलं, तर पडद्यावरचा आकडा शंभरच राहतो. खालची जमीन मात्र कड्याबरोबर कोसळलेली असते. पायाखालच्या दरीची खोली त्या शंभरात मिळवा आणि मग आपण मर्यादेत आहोत का, ते ठरवा.

हाच गोंधळ नोटॅम वाचताना होतो. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठी निघणारी सूचना. लष्करी सराव, गोळीबार, मोठ्या व्यक्तीचा दौरा अशा कारणांनी हवाई पट्टा बंद होतो तेव्हा ती निघते. देवळालीची तोफखाना शाळा आणि ओझरचा विमानतळ आपल्यापासून डोंगरापलीकडे आहेत, तेव्हा ही सूचना आपल्याशी संबंधित नाही असं समजू नये. तिच्यात वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते; साडेपाच तास मिळवायचे. 0330 ते 1130 असं लिहिलं असेल तर आपल्याकडे सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पहाटे साडेतीनचं वाचून ‘आपण उठायच्या आधीच संपलं’ म्हणणारा ऐन बंदीत उडवतो. आणि उंची कधी जमिनीपासून, कधी समुद्रसपाटीपासून दिलेली असते. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटरवर, म्हणजे पावणेपंधराशे फुटांच्या आसपास आहे. समजा, बंदी समुद्रसपाटीपासून 1,500 फुटांच्या वर आहे. सातपाटीच्या किनाऱ्यावर 300 फूट उडवणारा तिच्या खूप खाली आहे. जव्हारच्या पठारावर तेवढंच 300 फूट उडवणारा तिच्या आत शिरलेला आहे. जिल्हा एक, आकडा एक, आणि एकजण नियमात तर दुसरा गुन्ह्यात.

राहिलं ॲप. ‘ॲपने टेकऑफ होऊ दिलं म्हणजे चालतं’ हे म्हणणं मला सगळ्यात लंगडं वाटतं. पालघरच्या अधीक्षकांनी काल संध्याकाळी काढलेला आदेश परदेशातल्या कंपनीच्या ॲपला ठाऊक असेल, हे कशावरून धरायचं? आणि मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते, तिथे ऐनवेळी नकाशा उघडणारच नाही. म्हणून आदल्या रात्री एकदा आणि सकाळी जव्हार सोडण्याआधी एकदा तो पाहायचा, नकाशाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवायचा आणि पोलीस ठाण्याला एक फोन करायचा. लग्नघरी आगाऊ घेताना ‘बंदी निघाली तर ड्रोन नाही’ हे आधीच बोलून ठेवायचं, म्हणजे मांडवात वरबापाशी वाद होत नाही.

आता कार्यालयाकडे वळू, कारण ड्रोनवाल्यांनी हे सगळं केलं तरी त्यांच्या तक्रारीत तथ्य उरतंच.

तात्पुरती बंदी घालायचा दुसरा रस्ता दंडाधिकारी अधिकारांचा आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आहे. याखालचा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो आणि मोडला तर न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा होतो. मुंबईत असे ड्रोनबंदीचे आदेश वारंवार निघतात. मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, 9 जूनपर्यंत बंदी होती. देशातले 32 विमानतळ नागरी उड्डाणांना बंद करावे लागले त्या दिवसांतला तो आदेश; त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती याच मापाचा अंगरखा प्रत्येक प्रसंगाला चढवण्याच्या सवयीबद्दल. एका दिवसाच्या दौऱ्यासाठी 96 तासांचा, नेमक्या वर्तुळाचा रेड झोन पुरत असताना अख्खा तालुका महिनाभर बंद करणं हा आळस आहे. ड्रोन नियमांतच म्हटलंय की तात्पुरत्या रेड झोनचा आकार वाजवी असावा, अवाजवी नसावा. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं की 144 चे आदेश कारणासह, प्रसिद्ध केलेले आणि प्रसंगाच्या प्रमाणात असले पाहिजेत. आदेश रद्द करा किंवा बदला असा अर्ज बाधित माणसाला करता येतो, ही तरतूद नव्या कलमातही आहे. आमच्या ड्रोनवाल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. चोरून उडवण्यापेक्षा चौघांनी मिळून तहसीलदारांमार्फत असा अर्ज द्यावा, असं मी त्यांना सांगेन.

बंदीच्या बाजूने एक मुद्दा असा मांडतात की लोक ड्रोनला घाबरतात. घाबरतात, हे खरंच आहे. 2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, पुणे भागांत रात्रीच्या ड्रोनवरून चोर टेहळणी करतात अशी अफवा पसरली आणि गावोगाव रात्री जागल्या गेल्या. आमच्या जिल्ह्याला तर अफवा काय करते हे चांगलं ठाऊक आहे. 16 एप्रिल 2020 च्या रात्री गडचिंचल्यात तीन जीव गेले. म्हणून रात्री अनोळखी पाड्यावर दिवे लुकलुकवत ड्रोन फिरवणं मी बेजबाबदारपणाच मानतो, बंदी असो वा नसो. पण भीती बंदीने जात नाही. कोण उडवतोय, कशासाठी, त्याचा नोंदणी क्रमांक काय, हे सरपंचाला आणि पोलीस पाटलाला माहीत असलं की जाते.

याच जिल्ह्यात लोक एक मोठी तात्पुरती बंदी वर्षानुवर्षं पाळतात. जून-जुलैत सातपाटी, डहाणूच्या यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. पोटावर पाय येतो तरी पाळतात, कारण मासळीच्या विणीचं कारण पटलेलं असतं, तारीख आधी ठाऊक असते आणि ती संपते केव्हा हेही ठाऊक असतं. आभाळाच्या बंदीला याहून वेगळं काही लागत नाही. आदेश मराठीत, नकाशासह, गावांच्या नावांनिशी काढा. पंचायतीच्या फलकावर लावा. पोलीस पाटलाच्या आणि फोटो स्टुडिओवाल्यांच्या ग्रुपवर टाका. ‘अमुक त्रिज्येच्या आत’ असं वाचून खोडाळ्याच्या पोराला आपलं घर आत की बाहेर हे कळत नाही.

हे आताच बोलायला हवं, कारण मोखाड्याला लागूनच त्र्यंबकेश्वर तालुका आहे. तिथल्या सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, अमृतस्नानं 2027 च्या पावसाळ्यात. जव्हार-मोखाडा मार्गे त्र्यंबकला जाणारा रस्ता माणसांनी भरेल, वर हेलिकॉप्टरं असतील आणि तात्पुरते रेड झोन एकामागून एक निघतील. ते निघायलाच हवेत. त्या दिवसांत ड्रोनवाल्याने पेटी उघडू नये, ही माझी त्याच्याकडे मागणी आहे.

कार्यालयाकडे माझी मागणी झापसाठी आहे. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लशीचे 300 डोस ड्रोनने गेले. रस्त्याने चाळीस मिनिटं लागली असती. नऊ मिनिटांच्या थोडं वर लागलं. वावर-वांगणीचे कुपोषणबळी पाहिलेल्या या तालुक्यात वाचलेल्या त्या अर्ध्या तासाची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. रेड झोन पडला की लग्नाच्या ड्रोनबरोबर औषधाचं ड्रोनही थांबतं. तेव्हा अधीक्षक वर्तुळ आखायला बसतील त्या वेळी तालुका आरोग्य अधिकारी त्यांच्या शेजारी असावेत. झापची वाट शक्य तर वर्तुळाबाहेर राहावी. ती आत घेणं भागच असेल, तर दिवसातून कोणत्या तासाला झोन उठेल आणि लशीची पेटी निघेल, हे त्या आदेशातच लिहिलेलं असावं.