म्हैस बाजूला घ्या, फोटो काढायचाय

पावसाळ्यातला रविवार उजाडला की आमच्या उंब्रजचं गाव राहत नाही, नुसता फाटा होतो. पुण्याकडच्या गाड्या हायवे सोडतात, चाफळच्या रामाला काचेआडून हात जोडतात आणि सडावाघापूरचं पठार गाठतात. तिथं कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर भिरकावतो. हा आमचा उलटा धबधबा. माझ्या चुलतभावाची फाट्यावर कणसं भाजायची गाडी आहे, त्यामुळे मीही काही सोवळा नाही. पण कणसं विकणं वेगळं आणि डोंगर विकणं वेगळं.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या या डोंगरांत गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखत आले. ताक घरात प्यायचं, लोणी खाली बाजारात न्यायचं आणि धान्य घेऊन वर चढायचं. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८२ साली त्यांच्यावर अभ्यास लिहिला. सरकारने तो वाचला असावा असं सरकारच्या वागण्यावरून वाटत नाही. आधी कोयनेच्या धरणाने खोरं बुडवलं. मग १९८५ला अभयारण्य आलं, २०१०ला व्याघ्र प्रकल्प. दरवेळी म्हशीला सांगितलं, तू जंगलाची नासाडी करतेस, सरक. म्हैस सरकली, की त्याच जंगलात पर्यटकांची जीप शिरते. तिला कुणी नासाडी म्हणत नाही.

कासच्या फुलांच्या पठाराचं बघा. २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. फुलं वाचवायची म्हणून पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं बाहेर आणि तिकिटं आत. झालं काय? चरणारं तोंड गेलं, गवत माजलं आणि फुलं दबली. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. शेंबड्या गुराख्याला जे ठाऊक होतं, ते कळायला साहेबांना कुंपणभर लोखंड लागलं. बरं, इतकी वर्षं ज्यांची जित्राबं अडवली, त्यांची कुणी माफी मागितल्याचं माझ्या कानावर नाही.

आता सरकारचं ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचं गिरिस्थान येतंय. त्यात आधी २३५ गावं घेतली, मग आणखी २९४. नियोजन कुणाकडे, तर रस्ते विकास महामंडळाकडे! ज्यांना डोंगर म्हणजे मधे आलेला अडथळा, त्यांच्याच हाती डोंगर दिला. जुन्या महाबळेश्वरचं काय केलंत ते मे महिन्यात जाऊन बघा, म्हणजे नव्याचं भविष्य कळेल. एजंट तर नकाशाच्या आधीच पोचलेत. ज्याच्या सातबाऱ्यावर नाव आहे, त्याला निदान भाव तरी विचारतात. गवळी धनगराचा वाडा बहुतेक दुसऱ्याच्या नाहीतर वनखात्याच्या जमिनीवर. त्याला विचारायचंय कुणी?

आणि याच लोकांची ‘संस्कृती’ मात्र हवी. रिसॉर्टच्या दारात गजीनृत्य, भंडारा, पाहुण्याच्या खांद्यावर घोंगडं. अरे, गजी ढोल हा माणदेश-सांगलीकडच्या मेंढपाळ धनगरांचा. इथला गवळी धनगर म्हशीवाला, मेंढरं त्याने पाळलीच नाहीत. पण धनगर म्हटलं की एकच पोशाख शिवून ठेवलाय, कुणाच्याही अंगात घालायचा.

परवा बाजारात ओळखीचे एक धनगर मामा भेटले. म्हटलं, “मामा, वर डांबरी झाली की.”

“झाली की. पान्यापातुर झाली. वाड्यावर अजून डोलीच हाय.” आदल्या महिन्यात सुनेला डोलीतूनच खाली आणली होती.

मग तंबाखू मळत म्हणाले, “एक पोरगं म्हनलं, म्हस बाजूला घ्या, फोटूत येतीया.”

“घेतलीत?”

“घेतली की. मग त्यानं मलाच हुबा केला. म्हनला, काठी धरा, आन हसू नका.”