दगडाचा पत्ता

परवा एका परिचितांकडे सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला गेलो होतो. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये काचेच्या वाटीत नाण्यांसारखे चपटे, गोल दगड ठेवलेले दिसले.

"सर, ओळखा पाहू काय ते!"

"न्युम्युलाइट," मी म्हटलं.

"बरोब्बर! इओसीन काळातले. पाच कोटी वर्षं म्हणतात. कच्छहून आणलेत."

"कच्छात कुठून?"

"आता ते काय आठवणार? चहाला गाडी थांबवली होती, तिथे खच पडला होता नुसता."

शेजारी एक पिवळा मणी होता, आत चिलट अडकलेलं. इंटरनेटवरून मागवलेला. मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहिला, म्हणून अस्सल अंबर, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या देशातला, ते मात्र विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि यांनीही विचारलं नव्हतं. आता मिठाच्या पाण्यात तरंगला म्हणजे बहुतेक प्लास्टिकांपैकी नाही, एवढंच कळतं. कालपरवाची राळही तरंगते.

यजमानाच्या घरी वाद घालू नये, म्हणून प्रसाद घेऊन मुकाट्याने घरी आलो. पण डोक्यातून जाईना. तिथे बोललो नाही ते इथे बोलतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या जीवाश्माचा पत्ता हरवला त्याची गोष्टही हरवली. मागे उरतो तो शोभेचा दगड. आणि तो पत्ता हरवणारे बहुतेक वेळा चोर-दरोडेखोर नसतात, तुमच्याआमच्यासारखी हौशी माणसंच असतात. प्रेमाने खिशात घालतात आणि प्रेमानेच मारतात.

एक उदाहरण देतो. सुरत जिल्ह्यात वस्तान नावाची लिग्नाइटची खाण आहे. त्या तपकिरी कोळशाच्या थरांत अंबर सापडला. आपल्याकडचं त्याचं जुनं नाव तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो म्हणून. हा अंबर म्हणजे आपल्या सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची, पाच कोटी वर्षांहून जुनी राळ. 2010 साली त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. सुमारे दीडशे किलो अंबरातून सातशेवर किडे-कोळी मिळाले होते. गंमत म्हणजे हा अंबर काही द्रावणांत विरघळतो, त्यामुळे आतला किडा सबंध बाहेर काढता येतो.

तोवर समज असा होता की भारताचा भूखंड आशियाला धडकण्यापूर्वी कोट्यवधी वर्षं समुद्रात एकटा तरंगत होता, तेव्हा इथले जीव जगावेगळे असणार. पण या किड्यांचे नातेवाईक निघाले युरोपात, आशियात, थेट अमेरिकेत! म्हणजे आपण समजत होतो तितका आपला भूखंड एकलकोंडा नव्हता. आता सांगा, हे कशामुळे कळलं? किडा कुठल्या खाणीतला आणि कुठल्या थरातला, हे माहीत होतं म्हणून. तोच किडा पत्त्यावाचून कुणाच्या गळ्यातल्या साखळीत लटकला असता, तर "किती सुंदर!" यापलीकडे त्याने काय सांगितलं असतं?

यावर हमखास उत्तर येतं, "अहो, आम्ही काय शास्त्रज्ञ आहोत? आम्हाला ते ओळखता कुठे येतं?"

ओळखू नका ना! ओळखणं अवघडच असतं. न्युम्युलाइटचं घ्या. त्याची जात ठरवायची तर तो मधोमध कापून आतल्या कप्प्यांची गुंडाळी पाहावी लागते. एकाच जातीत मोठे आणि छोटे असे दोन प्रकार असतात आणि जुन्या पंडितांनी त्यांना दोन वेगळ्या जाती समजून दोन-दोन नावं दिली होती. थोरामोठ्यांचीही नावं चुकतात. नाव चुकलं तर पुढचा कुणीतरी दुरुस्त करतो. पत्ता हरवला तर ब्रह्मदेवालाही तो सांगता येत नाही.

कच्छमधल्या पानंध्रो खाणीत 2005 साली मोठे मणके सापडले. आधी वाटलं, मगरीचे असतील. कित्येक वर्षांनी पुन्हा नीट तपासले तेव्हा तो प्रचंड साप निघाला. 2024 साली त्याचं नाव ठेवलं 'वासुकी'. अंदाजे अकरा ते पंधरा मीटर लांब! मगरीचा साप झाला तरी बिघडलं नाही, कारण मणके कुठले ते पक्कं ठाऊक होतं.

ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांची हकीकत तर मला फार हलवून जाते. त्यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचे दगड जमवले होते. ते सगळे फोडून पाहण्याआधीच ते वारले. पुढे त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या संशोधकांकडे सोपवले. एक कवटी साफ करताना चुकून मोडली आणि आतून जे कानाचं हाड दिसलं ते देवमाशाच्या कानाच्या हाडासारखं! देवमाशाचा जवळचा नातेवाईक असलेला, छोट्या हरणासारखा 'इंडोह्यूस' 2007 साली असा जगापुढे आला. कालाकोटचा पत्ता त्या दगडांबरोबर चालत आला होता, म्हणून त्या अपघाताचं सोनं झालं.

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, सामान्य माणसाने हातच लावू नये, सगळं सरकारवर सोपवा. 2022 च्या डिसेंबरात खाण मंत्रालयाने भूवारशाच्या कायद्याचा मसुदा मांडला, तेव्हा सगळे अधिकार एकाच सरकारी संस्थेच्या हाती जातात, म्हणून खुद्द संशोधकांनीच आक्षेप घेतले. संरक्षण हवंच. पण लिग्नाइटच्या खाणीत जे कुणी उचललं नाही ते कोळशाबरोबर भट्टीत जातं. तिथे डोळे उघडे ठेवणारी माणसं जितकी जास्त तितकं बरं. फक्त त्यांच्या खिशात पेन्सिल हवी.

आता माझंच पाप सांगतो. 1986 साली आमच्या शाळेची सहल कच्छला गेली होती. एका मुलाने मूठभर न्युम्युलाइट आणून दिले. मी वर्गासमोर त्याची पाठ थोपटली आणि दगड बरणीत भरले. मी इतिहास शिकवायचो. नाणं कुठे सापडलं ते कळल्याशिवाय पुरावा म्हणून त्याला फारशी किंमत नाही, हे फळ्यावर लिहून देणारा मी! आणि त्या बरणीवर चिठ्ठी लावायचं मला सुचलं नाही. निवृत्तीनंतर ती बरणी माझ्या घरी आली. काही वर्षांपूर्वी भूशास्त्र शिकवणारी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. तिने दगड हातात घेतले, भिंगातून पाहिले. "सर, किती छान जपलेत! कुठले हो?" मला 'कच्छ' यापुढे एक अक्षर सांगता येईना. तिने काही न बोलता ते परत बरणीत ठेवले.

म्हणून सांगतो. जिथे बंदी आहे तिथे काहीही उचलू नका. मोठं हाड दिसलं तर उकरू नका. फोटो काढा, जागा टिपा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. जिथे सुटा दगड उचलणं रास्त आहे तिथे उचला, पण त्याच जागी, त्याच क्षणी चिठ्ठी लिहा: गाव, जवळची खूण, कुठला थर, तारीख, उचलणाऱ्याचं नाव. हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात, सबब उरलेली नाही. आणि अंबर विकत घेताना पत्ता न सांगणाऱ्या दुकानदाराला सरळ नकार द्या.

त्या परिचितांना मी उद्या फोन करणार आहे. प्रवासाची जुनी बिलं, ड्रायव्हरचा नंबर, काहीतरी असेल. चहा कुठे घेतला ते अजून शोधता येईल. माझ्या बरणीतल्या दगडांचं तसं नाही. तो मुलगा आज पन्नाशीचा असेल. त्याला आठवत असेल का, कुणास ठाऊक. विचारून पाहीन म्हणतो.