उन्हाचा हिशेब कोणी मांडायचा?

मध्यमवर्गीय माणूस घर बांधतो ते बहुधा आयुष्यात एकदाच. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम, निवृत्तीसाठी राखून ठेवलेली शिल्लक आणि बँकेचे पंधरा-वीस वर्षांचे कर्ज एवढे सारे त्या एका व्यवहारात पणाला लागते. पुण्याच्या कडेने एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर घर उभे करू पाहणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला सल्लागारांची वाण पडत नाही. महापालिकेतून नकाशा मंजूर करून आणणारा भेटतो; कॉलम आणि स्लॅबची गणिते करणारा आर. सी. सी. कन्सल्टंट भेटतो, भूमिपूजनाचा मुहूर्त काढून देणारे गुरुजी भेटतात, आणि स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवे असे सांगणारा वास्तुतज्ज्ञ तर न बोलावताही भेटतो. मात्र त्या जागेवर ऊन कोठून येते, वारा कोठून वाहतो आणि त्याचा भिंतींशी व खिडक्यांशी काय संबंध, हे सांगणारा माणूस कोठे शोधावा, याचे उत्तर सहसा कोणापाशी नसते. त्याचा परिणाम वास्तुशांतीनंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये दिसतो. वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरा वाजताही तापलेली असते. मग हप्त्यावर वातानुकूलन यंत्र येते आणि घराच्या कर्जाच्या जोडीला विजेच्या वाढत्या बिलाचे ओझे कायमचे बसते.

वास्तविक पुण्यासारख्या शहरात ही पाळी यावयास नको. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात एप्रिलचे कमाल तापमान सरासरी ३८ अंशांच्या घरात असते. परंतु रात्री पारा विशीच्या आसपास उतरतो. दिवस आणि रात्र यांतील हा फरक म्हणजे निसर्गाने दिलेले फुकटचे शीतयंत्र आहे. भिंत जाड असेल, छपरावर सावली किंवा पांढरा लेप असेल आणि रात्री समोरासमोरच्या झरोक्यांतून वारा खेळत असेल, तर पंख्यावर भागते. उन्हाची दिशाही येथे नेमकी ठाऊक आहे. मेच्या मध्यास सूर्य पुण्याच्या थेट माथ्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्ही तो किंचित उत्तरेकडेच असतो. डिसेंबरच्या मध्यान्ही मात्र तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर उन्हाळ्यात तेथून ऊन आत येत नाही. थंडीत छज्जाची सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि चार फुटी खिडकीच्या खालच्या भागातून ऊन घरात येते. पश्चिमेकडे हाच छज्जा कुचकामी ठरतो, कारण चार वाजताचे तिरपे ऊन त्याच्या खालून आत घुसते. तेथे झाड, जाळी किंवा पडवी हवी. निदान जिना, न्हाणीघर व कोठीची खोली त्या बाजूस ढकलावयास हवी. सर्वांत अधिक तापते ते सपाट छप्पर, आणि नेमके तेच बहुतेक घरांत उघडे पडलेले असते.

यातील काहीही नवे नाही. चौकातून वारा खेळवणारे आणि जाड भिंतींनी दुपार अडवणारे पेशवाईतील वाडे या हवामानाची ओळख ठेवूनच बांधले गेले. रूरकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था १९४७ पासून काम करीत आहे. म्हैसूर संस्थानात वास्तुशिल्पी म्हणून आलेल्या ओटो कोनिग्सबर्गर यांनी सहकाऱ्यांसह उष्ण प्रदेशांतील गृहरचनेवर लिहिलेले पाठ्यपुस्तक १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाले. तिरुअनंतपुरमला लॉरी बेकर यांनी साध्या विटांच्या, सामान्यांना परवडणाऱ्या घरांतून हीच तत्त्वे प्रत्यक्ष उतरवून दाखविली. पुण्यातही डॉ. भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयात पर्यावरणीय वास्तुकलेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. ज्ञान आहे आणि ते जाणणारी माणसेही याच गावात आहेत. अडते ते एवढेच, की एका गुंठ्याच्या मालकापासून त्यांच्यापर्यंत जाणारी वाट कोणी आखलेली नाही.

शासनाने या विषयाकडे दुर्लक्ष केले आहे, असे म्हणता येणार नाही. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आली. परंतु ती संहिता आखली गेली ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. २०२२च्या दुरुस्तीने निवासी इमारती कायद्याच्या कक्षेत आल्या, त्याही १०० किलोवॉट जोडभाराच्या पुढच्या. हरित इमारतींना वाढीव चटईक्षेत्राचे उत्तेजन आहे. पण ज्याला दोन खोल्यांवर दोन खोल्याच बांधावयाच्या आहेत, त्याने ते चटईक्षेत्र घेऊन करावयाचे काय? लहान घरमालकावर कायद्याची सक्ती नाही, हे योग्यच आहे. तथापि सक्तीबरोबर मार्गदर्शनही त्याच्या वाट्याला येत नाही, हे योग्य नव्हे.

अनुदानांची तऱ्हाही अशीच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरावरील सौर पट्ट्यांसाठी ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवण्यात आले. पुणे महापालिकेने सौर बंब, पर्जन्यजल संधारण व गांडूळखत यांसाठी मिळकतकरात पाच ते दहा टक्क्यांची सवलत ठेवली. या योजना स्वागतार्ह आहेत. पण त्यांतील प्रत्येक रुपया विकत घ्यावयाच्या किंवा बसवावयाच्या कोणत्या तरी साधनासाठी आहे. खिडकी पश्चिमेची दक्षिणेला सरकवली, तर त्यासाठी अनुदान नाही. ती सरकवावी असे सांगणाऱ्याच्या दक्षिणेसाठीही नाही. चुकीच्या आराखड्याने तापलेले घर सरकारी साहाय्याच्या विजेने थंड करावयाचे, असा हा उलटा हिशेब आहे.

या पोकळीत विक्रेता शिरतो. सौर पट्ट्यांचा व्यापारी पट्ट्या सुचवितो, हलक्या ठोकळ्यांचा प्रतिनिधी ठोकळे सुचवितो, काचवाला दुहेरी काच सुचवितो. यांपैकी कोणी खोटे बोलतो असे नाही. परंतु ‘तुम्हांला माझ्या मालाची गरज नाही’ असे सांगण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कशी करावी? म्हणून घर बांधणाऱ्याने दोन गोष्टींची खूणगाठ बांधावी. सल्ला नकाशा काढण्यापूर्वी घ्यावा आणि ज्याला काही विकावयाचे नाही अशाकडूनच घ्यावा. मंजूर झालेल्या नकाशावर तज्ज्ञाला फार तर रंग आणि पडदे सुचविता येतात.

यावर असे म्हटले जाईल, की वास्तुशिल्पी हाच तो तज्ज्ञ. हवामानशास्त्र तो पदवीच्या अभ्यासातच शिकलेला असतो. हे खरे आहे. परंतु त्याला नेमताना मालक त्याच्याकडे मागतो काय? मंजुरी लवकर, दर्शनी भाग देखणा आणि शुल्क शक्य तितके कमी. जे मागितले जात नाही ते मिळतही नाही. तेव्हा मालकाने प्रथम प्रश्न विचारावयास शिकले पाहिजे. हा माणूस दुपारी तीन वाजता जागेवर येऊन उभा राहावयास तयार आहे काय? शेजारच्या इमारतीची सावली तो मोजतो काय? छपराच्या उष्णतेवर त्याच्याजवळ कोणता उपाय आहे आणि त्याचा खर्च किती? त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या एखाद्या घरी मे महिन्यात जाऊन, वरच्या खोलीत झोप लागते काय, हे तेथील गृहिणीला विचारता येईल काय? अशी घरे दाखविण्यास जो कां-कूं करतो, त्याच्या प्रमाणपत्रांना फारसे महत्त्व देऊ नये. या सल्ल्याचे शुल्क वेगळे द्यावे लागले तरी, जी चूक तीस-चाळीस वर्षे सोसावी लागते, तिच्यापुढे ते अल्पच ठरेल.

मात्र सारा भार एकट्या घरमालकावर टाकून भागणार नाही. पश्चिम जर्मनीने तेलसंकटानंतर, १९७८ मध्ये, ग्राहक-केंद्रांतून घरगुती ऊर्जासल्ल्याची व्यवस्था सुरू केली. सरकारी साहाय्याने चालणारी आणि काहीही न विकणारी ही सेवा आजही चालू आहे. पुण्याला तर त्यासाठी नवी संस्थाही काढावयास नको. ऊर्जा संवर्धन कायद्याची राज्यातील अंमलबजावणी जिच्याकडे आहे, त्या ‘महाऊर्जा’चे मुख्यालय याच शहरात आहे. वास्तुकलेची महाविद्यालये येथे आहेत. त्यांचे अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थी, महापालिकेचा बांधकाम परवानगी विभाग आणि महाऊर्जा यांनी मिळून आठवड्यातून एक दिवस नाममात्र शुल्कात सल्ला देण्याचे ठरविले, तर नकाशा दाखल होण्याआधी तासभर जाणकार माणसासमोर बसण्याची सोय सामान्य घरमालकाला होईल. तीन हजार चौरस फुटांच्या आतील घरांचे पाच-सहा नमुना आराखडे दिशांनुसार छापून परवानगीच्या अर्जासोबत दिले, तरी पुष्कळ काम होईल.

अनुदानांसाठी जो पैसा बाजूला काढला जातो, त्याचा लहानसा अंश यास पुरेल. महापालिकेच्या खिडकीवर आज नकाशाची लांबी, रुंदी आणि सामासिक अंतरे तपासली जातात. त्याच नकाशावर सूर्य कोठून उगवतो व कोठे मावळतो एवढे पाहणारा एक माणूस तेथे बसविण्यास आता उशीर होऊ नये.