पोलो ठेवू की आरएस घेऊ?

रविवारी सकाळी सातच्या आत पन्हाळ्यावर पोचलात, तर धुक्यात गाड्यांचं एक मिनी प्रदर्शनच भरलेलं दिसतं. बुलेट, केटीएम, दोन-चार जुन्या आरएक्स आणि हल्ली टर्बो हॅचबॅक्स. झुणका-भाकरी आणि दह्याची ऑर्डर द्यायची आणि दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची, असा एकूण कार्यक्रम. गेल्या महिन्यात तिथंच एका दोस्तानं विषय काढला. वय २९, शिरोली एमआयडीसीत डिझाइन इंजिनीअर, रोज राजारामपुरी ते शिरोली अप-डाऊन. गाडी २०१६ ची पोलो जीटी टीएसआय, लाल, कर्ज फिटलेली.

‘भावा, खरं सांग की. हिच्यावरच दोन लाख घालू, का ही काढून जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेऊ?’

प्रश्नामागचं कारण असं, की हा पठ्ठ्या हीच गाडी चालवत कोईमतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डेला जाऊन आला होता. जाताना जवळपास हजार किलोमीटर, येताना तेवढेच. चौथ्या लॅपला ब्रेक पेडल स्पंजासारखं मऊ पडलं आणि स्वारी पिटमध्ये परतली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच: गाडी कमी पडतेय.

मला विचाराल तर गाडी कमी पडली नव्हती, ब्रेक ऑइल उकळलं होतं. आणि हा गाडीचा दोषही नव्हे. ऑफिसला जायच्या कुठल्याच गाडीचे ब्रेक लॅपमागून लॅप असा मार खायला बनवलेले नसतात. साधं गणित बघा. ड्रायव्हरसकट ११८० किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणली, तर एका ब्रेकिंगमध्ये तयार होणारी उष्णता दोन लिटर गार पाण्याला उकळी आणेल एवढी असते. शंभरेक सेकंदांनी पुन्हा तेच, आणि मध्ये थंड व्हायला वेळ नाही. डॉट ४ प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि पुरेसं शोषलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. कोल्हापूरचे दोन-तीन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन तुम्ही ट्रॅकवर गेलात, तर पेडल मऊ पडणारच!

म्हणजे पहिला खर्च काही हजारांचा. ताजं, चांगल्या दर्जाचं ब्रेक ऑइल आणि जास्त उष्णता सोसणारे पुढचे पॅड. इथं एक फंडा पक्का लक्षात ठेवा. निव्वळ रेसिंगचे पॅड घेऊ नका. ते गरम झाल्याशिवाय नीट धरतच नाहीत. ट्रॅकवर ठीक आहे हो, पण सोमवारी सकाळी पहिल्याच सिग्नलला गार पॅड पुढच्या रिक्षाशी ओळख करून देतील. मधल्या दर्जाचे, रस्ता आणि ट्रॅक दोन्ही झेपणारे घ्यायचे. टायरचंही तसंच. चार चांगले टायर तीस-पस्तीस हजारांच्या घरात येतात आणि लॅप टाइममध्ये जो फरक पडतो तो बघून माणूस चाट पडतो. पण ज्यांच्यावर जेमतेम नक्षी असते ते सेमी-स्लिक नकोत. जुलैत वाघबिळाच्या वळणावर रस्त्यानं पाणी वाहत असताना त्यांच्यावर बसणं म्हणजे साबणावर बसणं.

दोस्ताच्या यादीत पहिल्या नंबरावर मात्र रिमॅप होता. सगळ्यांच्याच असतो. लॅपटॉप जोडला, तासाभरात पंचवीस-तीस हॉर्सपॉवर वाढले, सॉलिड! या पोलोची मूळ ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ न्यूटन मीटर. तिचा सात स्पीडचा डीएसजी ड्राय क्लचचा आहे आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर धरतात. कागदावर भरपूर जागा दिसते. पण मागे ड्रम ब्रेक असलेल्या, चौथ्या लॅपला थांबता न येणाऱ्या गाडीला आणखी जोरात पळवायचं म्हणजे गळक्या टाकीला मोठा पाइप जोडायचा. रिमॅप करायचाच असेल तर सगळ्यात शेवटी. शिवाय आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलंय.

आता आरएस. गाडी कमाल आहे, वादच नाही. २०१७ मध्ये २३० पीएसची आरएस आली तेव्हा किंमत पंचवीस लाखांच्या आसपास होती. २०२० मध्ये २४५ पीएसवाली आली, फक्त २०० गाड्या, किंमत ३६ लाखांच्या घरात. २०२५ च्या ऑक्टोबरात नवी आली तर शंभरच गाड्या, पन्नास लाखांना. त्याच वर्षी आलेली गोल्फ जीटीआय त्रेपन्न लाखांची. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी जुनी आरएस, तीही कर्ज काढून. चारी चाकांना डिस्क, मागे चार माणसं, डिकीत सगळ्या गावाचं सामान. पण पोलोपेक्षा तीनेकशे किलो जड. टायर महाग, पॅड महाग, डिस्क महाग. आणि कारी ट्रॅक आहे जेमतेम २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, त्या ५.१ किलोमीटरच्या पसाऱ्यात, २३० पीएसला पळायला जागा आहे. कारीवर हलकी, चपळ गाडीच जास्त मजा देते.

खरा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो पन्हाळ्यावरच्या त्या टेबलाभोवती कुणीच काढला नव्हता. तुमच्या इन्शुरन्स पॉलिसीतली ‘लिमिटेशन्स अॅज टू यूज’ ही ओळ वाचा. संघटित रेसिंग, स्पीड टेस्टिंग यासाठी वापर केला तर संरक्षण नाही, असं तिथं छापलेलं असतं. ट्रॅक डे ही रेस नाही, असा युक्तिवाद तुम्ही कराल. तो सर्व्हेयरला पटेल या भरवशावर बारा-पंधरा लाखांची गाडी भिंतीकडे न्यायची का? पोलो ठोकली तर नुकसान सोसण्यासारखं आहे. आरएस ठोकली तर गाडी गॅरेजमध्ये, हप्ता चार वर्षं चालू, आणि तुम्ही ऑफिसला बसनं. जी गाडी सोमवारी कामाला लागते, तिच्यावर ट्रॅकवर किती पैसे गमवायची तुमची तयारी आहे, तो आकडा आधी कागदावर लिहा. दोस्तानं लिहिला: तीन लाख. मग आरएसचा विषय तिथंच संपला.

ट्रॅकसाठी वेगळी जुनी स्विफ्ट घ्यायची, हा तिसरा मार्ग उत्तम. पण अपार्टमेंटमध्ये एकच पार्किंग असलेल्यानं त्याचा विचार करू नये.

राहिला चालवणारा. तर दोस्त म्हणाला, प्रॅक्टिस पन्हाळ्याच्या घाटात होतेच की. नाही होत! घाटात समोरून एसटी येते, सहलीची शाळकरी पोरं येतात, वळणापलीकडे उसाचा ट्रॅक्टर उभा असतो. जुलै २०२१ च्या पावसात हा रस्ताच खचला होता. २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून गर्दी कमी व्हायची शक्यता तर नाहीच. रस्त्यावर रेस लावली तर कलम १८९ खाली पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण समोरच्या दुचाकीवरच्या माणसाचा त्यात काय दोष?

उलट कोल्हापूरकरांच्या घरातच सोय आहे. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्यात. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश एफ-३ मध्ये धावला. आणि एफ-१ मध्ये धावलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीला फॉर्म्युला मारुतीत शिकला, म्हणजे मारुती ८०० च्या इंजिनावर! कमी ताकदीच्या गाडीत चूक केली की वेग परत मिळवायला अख्खा लॅप जातो, म्हणून माणूस चुका करायचं सोडतो.

दोस्तानं पॅड आणि ऑइल बदललं. टायर दसऱ्यानंतर घ्यायचे ठरलंय, पाऊस सरल्यावर. रिमॅपवाल्याचा त्याला अजून आठवड्याला एक फोन येतो.