क्लायंबिंगसाठी नवी जागा शोधताय? कडा शेवटी पाहा, आधी हे ५ प्रश्न विचारा

थंडी पडली की मोबाइलवर डोंगर-कड्यांचे रील फिरू लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीतले तरुणही विचारतात, ‘आपल्याकडे असा कडा कुठे आहे?’ प्रश्न चांगला आहे, पण अर्धाच आहे. रीलमध्ये कडा दिसतो. खडक कच्चा आहे का, जमीन कोणाची आहे आणि रुग्णालय किती लांब आहे, हे दिसत नाही. जागा निवडताना नेमके तेच आधी पाहायला हवे.

स्पोर्ट क्लायंबिंग म्हणजे काय?

कातळात ठराविक अंतरावर आधीच बसवलेल्या बोल्टमध्ये दोर अडकवत चढायचे, याला स्पोर्ट क्लायंबिंग म्हणतात. खाली उभा असलेला साथीदार दोर सांभाळतो. त्याला ‘बिले’ म्हणतात. हा खेळ टोकियो ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला.

आपल्या भागाशी त्याचे नाते जवळचे आहे. ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे १० विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले आणि मे २०१८ मध्ये त्यातल्या पाच जणांनी शिखर गाठले. गुणवत्ता इथे आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले. प्रश्न सरावाच्या जागेचा आहे.

१. खडक कोणता?

सह्याद्रीत बेसॉल्ट आहे. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांसोबत येणारा वालुकाश्म, सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात चुनखडक आणि गडचिरोलीकडे ग्रॅनाइटसारखे जुने कठीण खडक आढळतात. वालुकाश्मावर पकड छान मिळते, पण तो भिजला की कमकुवत होतो. पावसानंतर तो पूर्ण वाळेपर्यंत चढू नये. हाताने ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा बोटाने रेती सुटली, तर तिथून परत फिरा.

२. बोल्ट कोणी आणि कधी बसवला?

चांगला कॅराबिनर लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टनांचा भार घेतो. बोल्टही तसेच दणकट असतात. पण बोल्ट ज्या खडकात रुतलेला आहे, तोच ठिसूळ असेल तर या आकड्यांना अर्थ नाही. ग्रॅनाइटमध्ये प्रसरण पावणारा बोल्ट चालतो. मऊ वालुकाश्मात लांब आणि खास गोंदाने बसवलेला बोल्ट अधिक भरवशाचा ठरतो. गंजलेला, हलणारा किंवा कोणी बसवला ते कोणालाच माहीत नसलेला बोल्ट म्हणजे धोका. दोराची लांबी मार्गाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त हवी आणि दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ हवीच. उतरताना दोर संपून होणारे अपघात ही एक गाठ टाळते.

३. जमीन कोणाची?

आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे १९२७ च्या वन कायद्यात बसत नाही. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे नियम आणखी कडक आहेत. भद्रावतीची विजासन लेणी, चंद्रपूरचा परकोट किंवा माणिकगडाची तटबंदी ही चढाईची भिंत नाही, हेही सांगावे लागते.

त्यापलीकडे गाव आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीत अनेक ग्रामसभांनी हा हक्क मिळवला. वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. अनेक डोंगर गावाचे देवस्थानही आहेत. सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. अशा ठिकाणी ड्रिल मशीन घेऊन परस्पर जाणे हे धाडस नव्हे, आगाऊपणा आहे.

४. हंगाम कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि कातळाला हात लागत नाही. मार्चपासून मोहफुले आणि पुढे तेंदूपत्ता वेचायला लोक जंगलात असतात. वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्याही याच दिवसांत वाढतात. वाघ फक्त ताडोबात नाहीत, ब्रह्मपुरीच्या जंगलातही आहेत, हे विसरू नका.

दुसरा धोका मधमाश्यांचा. नागभीड तालुक्यातल्या सातबहिणी डोंगरावर पर्यटकांवर मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जमिनीवरचा माणूस पळू तरी शकतो, दोरावर लटकलेला कुठे जाणार? कड्यावर आग्या मोहोळ दिसले, तर तो कडा त्या दिवसापुरता बाद समजा.

५. पडलो तर बाहेर कसे येणार?

निघण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा: नेटवर्क कुठवर आहे, गाडी कुठवर येते आणि मोठे रुग्णालय किती तासांवर आहे. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. त्याला लगेच खाली घेता येणारा साथीदार सोबत नसेल, तर चढू नका. घरी, गावात आणि दुर्गम भागात जवळच्या पोलिस ठाण्यात सांगून जा.

मग जायचे कुठे?

माझ्या मते चंद्रपूरच्या नवशिक्याने पहिली सहल तेलंगणातल्या भोंगीरला करावी. बल्लारशाहहून काझीपेटमार्गे सिकंदराबादला जाणाऱ्या लोहमार्गावरच हे गाव आहे. तिथे ग्रॅनाइटचा प्रचंड अखंड डोंगर आणि प्रस्तरारोहण शिकवणारी शाळा आहे. २०१४ मध्ये वयाच्या १३ व्या वर्षी एव्हरेस्ट सर करणारी मलावत पूर्णा याच खडकावर शिकली. दोर हाताळणे आणि बिले पक्के झाले की कर्नाटकातले बदामी गाठा. तिथे लाल वालुकाश्मावर बोल्ट बसवलेले मार्ग आहेत. मात्र तिथेही लेणी आणि मंदिरांच्या संरक्षित परिसरापासून दूरच राहा.

आणि आपल्या जिल्ह्यात?

नक्की होऊ शकते, पण चोरून नव्हे. दहा ठिकाणी गुपचूप बोल्ट ठोकण्यापेक्षा एकच जागा नीट उभी करावी. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, वन विभागाची लेखी परवानगी, अनुभवी गिर्यारोहकांकडून खडकाची तपासणी आणि दरवर्षी बोल्टची पाहणी, एवढे हवे. वाटाडे आणि प्रशिक्षक त्याच गावचे असावेत. एव्हरेस्ट मोहिमेतून आलेल्या तरुणांना इथे काम मिळू शकते.

याला रीलपेक्षा जास्त वेळ लागेल. पण एका अपघातानंतर सगळ्याच डोंगरांवर बंदीचा फलक लागतो. मग नुकसान होते ते पुढच्या वर्षी शिकायला येणाऱ्या आश्रमशाळेतल्या मुलामुलींचे. म्हणून या हिवाळ्यात नवा कडा शोधायला निघालात, तर पहिली चक्कर जंगलात नको, गावच्या ग्रामसभेत मारा.