औषधी उद्यानातील विषारी झाडांना फलक व कुंपण करण्याबाबत निवेदन

रत्नागिरी

प्रति,
मा. उद्यान अधिकारी साहेब

विषय: वरीलप्रमाणे (चौथे निवेदन)

महोदय,

आधीच्या तिन्ही निवेदनांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. उत्तरे जोडलेली नाहीत, कारण ती आलेलीच नाहीत.

उद्यानाच्या मागच्या कोपऱ्यात काजरा, पिवळी कण्हेर, धोतरा, मोगली एरंड, कळलावी, गुंज मुद्दाम लावली आहेत. लोकांना विषारी झाडे ओळखता यावीत, हा हेतू उद्घाटनाला सांगितला गेला होता आणि तो आम्हाला पटलाही होता. पण त्या कोपऱ्यात एकाही झाडाला पाटी नाही. पाटी आहे ती फक्त फाटकावर: ‘औषधी वनस्पती उद्यान’. औषधी म्हटले की माणूस पाला तोडून तोंडात टाकतो. परवा एक गृहस्थ गुडघ्यावर उपाय म्हणून कळलावीचा कंद उकरत होते. आम्ही अडवले, तर आम्हालाच फाटकावरची पाटी दाखवली.

दिवाळीच्या सुट्टीत पाच मुलांनी मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या. शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून एकाने दुसऱ्याला दिल्या. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, कसली बी? झाडाचे नाव कुणालाच सांगता येईना. शेवटी एकाच्या चड्डीच्या खिशात उरलेले फळ सापडले, त्यावरून उलगडा झाला. मुले सलाईनवर रात्र काढून घरी आली. पाटी असती तर निदान नाव तरी सांगता आले असते.

त्यानंतर आपण स्वतः येऊन ‘पंधरा दिवसांत कुंपण’ असे सांगितलेत. जांभ्याचे चिरे आले, उतरवले आणि तसेच राहिले. शिमग्यापूर्वी काम होईल, असे दुसऱ्यांदा सांगण्यात आले. शिमगा झाला, गणपतीही झाले. आता चिऱ्यांवर शेवाळ धरले आहे आणि गुंजेचा वेल चढला आहे. शेंगा उकलल्या की लाल-काळे दाणे फटींत पडतात आणि मुली ते माळेसाठी वेचतात. अख्खा दाणा गिळला तर बहुधा तसाच बाहेर पडतो. चावलेल्या किंवा सुईने भोक पाडलेल्या दाण्याचा तसा भरवसा नाही.

तिसऱ्या निवेदनानंतर ‘सगळी झाडेच तोडून टाकू’ असे तोंडी कळवण्यात आले. त्याला आमचा विरोध आहे. काजऱ्याची नारिंगी फळे खायला धनेश येतात. आणि कोकणातल्या मुलाने काजरा ओळखायचा नाही, तर कुणी ओळखायचा? इंग्लंडमध्ये अॅनिक येथे 2005 पासून विषारी झाडांचीच बाग आहे. तिथे हाच काजरा कुलूपबंद फाटकाआड ठेवतात आणि माहितगार सोबत असल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. आपल्याकडे त्याच्याच सावलीत मुलांची घसरगुंडी आहे.

तरी आमच्या मागण्या: प्रत्येक झाडाला मराठी नाव, विषारी भाग आणि ‘तोंडात घालू नये’ असा ठळक फलक लावावा, पडून असलेल्या चिऱ्यांचेच कुंपण बांधून फाटकाला कुलूप घालावे, घसरगुंडी हलवावी.

आठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. फलकांसाठी पैसे नसल्यास पत्रे आणि रंग आम्ही आणतो, लिहितोही आम्हीच. आपण परवानगीचे पत्र तेवढे द्यावे.

आपले विश्वासू,
उद्यानात रोज येणारे नागरिक
(सह्या सोबत)